पांढऱ्या पट्टीवरचा तपकिरी डाग

मोटारसायकलच्या टायरवरची पांढरी पट्टी तपकिरी पडली, की मीरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या शहरात आपण दोष चिखलाला देतो. परंतु चिखल पाण्याने जातो. हा डाग बहुधा टायरच्या आतून येतो. ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून काळ्या रबरात अमाइन वर्गातील रसायने मिसळतात. ती शेजारच्या पांढऱ्या रबरात झिरपतात, पृष्ठभागावर येतात आणि ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी दिसतात. डाग पेट्रोलने पुसला, तर ही रक्षक द्रव्येच विरघळून जातात व रबर फुगते. म्हणून साबणाचे पाणी, थोडा खाण्याचा सोडा आणि नायलॉनचा ब्रश पुरे. वर्गात पडताळा घेऊ: एक रबरबँड पाण्यात, दुसरा टर्पेंटाइनमध्ये, ज्योतीपासून दूर, झाकणाच्या बाटलीत रात्रभर ठेवू. सकाळी दोन्हींची लांबी मोजली, की फरक दिसेल.