अकरा वेळा आमदार

आमदार म्हटला की मोटार, मानमरातब आणि मागेपुढे माणसे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची कारकीर्द पाहिली म्हणजे ते जरा पुसून घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १९२६ चा, शिक्षणाने वकील. शेतकरी कामगार पक्षातर्फे १९६२ साली ते प्रथम विधानसभेवर गेले आणि २०१४ पर्यंत अकरा वेळा निवडून आले. १९७८ मध्ये आणि १९९९ मध्ये मंत्रिपदही लाभले. पण बहुतेक वर्षे गेली ती विरोधी बाकांवर.

आता तुम्ही विचाराल, सत्ता नाही तर आमदार करतो काय? सांगोला तालुका पडला अवर्षणाचा. गुरांना चारा, हातांना काम आणि प्यायला पाणी, हे प्रश्न सभागृहात मांडायचे आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा मांडायचे. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे, म्हणून नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने पाणी परिषदेतही ते उभे राहिले.

मतदारांनी त्यांना दोनदा घरीही बसवले, १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये. दुसऱ्या खेपेस अंतर होते अवघ्या १९२ मतांचे! पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुढे १९९९ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना परत बोलावले. २०१९ साली ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

मत देणे हे एका दिवसाचे काम. आपला आमदार पाच वर्षे काय विचारतो, याचा हिशेब ठेवणे हे रोजचे. आपण तो ठेवतो का?