हळद आणि पेशींचे निरोप

बोट कापले की जखमेवर हळद दाबावी, ही रीत सांगलीच्या हळदपेठेप्रमाणेच दूर भिलाईच्या पोलादनगरीत स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही परिचित आहे. १९९५ साली अमेरिकेत मात्र हळदीच्या याच उपयोगावर एका विद्यापीठाला पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय शोधलेख पुराव्यादाखल मांडला गेला व १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हे ज्ञान कोणाचे, याचा निकाल लागला. हळद जखमेत नेमके काय करते, याचा निकाल मात्र पेटंट कार्यालयात लागणारा नव्हता.

जखम होताच रक्तपट्टिका ‘वृद्धिघटक’ नावाची प्रथिने सोडतात. ती सहसा पेशीच्या आत शिरून आज्ञा देत नाहीत. पेशीपटलावरील ‘ग्राही’ या प्रथिनांना बाहेरूनच चिकटतात. दाराची कडी वाजावी आणि घरातल्यांनी निरोप एकमेकांकडे देत माजघरापर्यंत पोहोचवावा, तसे पुढे घडते. ग्राहीच्या आतल्या टोकाला फॉस्फेटचे गट जोडले जातात, त्यामुळे जवळची प्रथिने जागी होतात आणि अखेर केंद्रकाला विभाजनाचा आदेश मिळतो. वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रिटा लेव्ही-मोंतालचिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कडी कोणी न वाजवताच निरोप जात राहिला, तर पेशी अनिर्बंध वाढू लागतात. अनेक कर्करोगांत नेमके हेच घडते.

हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींना ते दिले असता ग्राहीवर फॉस्फेट जोडले जाण्याची क्रिया मंदावते. उलट, प्राण्यांच्या जखमांवरील प्रयोगांत त्याच द्रव्यामुळे एका वृद्धिघटकाचे प्रमाण वाढलेले आढळले. एके ठिकाणी निरोप अडतो, दुसरीकडे तो बळावतो! म्हणून ‘हळद पेशींची वाढ थांबवते’ हे सरसकट विधान टिकत नाही.

हळददुधावर विसंबून कर्करोगाचे उपचार लांबवणे तर जिवावर बेतू शकते. कर्क्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने तसे डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधांच्या कार्यात त्या व्यत्यय आणू शकतात. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच ग्रॅमच असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यांत फारसे शोषले जात नाही आणि जेवढे शोषले जाते त्याचेही यकृत झपाट्याने रूपांतर करते. काचपात्रातील पेशींना मिळालेली मात्रा त्यामुळे जेवणातील हळदीतून रक्तात पोहोचत नाही.