मॉर्निंग्टनची अर्लकी

मराठी वाचकाला वेलस्ली हे आडनाव नवे नाही. ज्याच्या कारकिर्दीत वसईचा तह झाला तो गव्हर्नर-जनरल आणि ज्याने असईची लढाई जिंकली तो सेनापती हे सख्खे भाऊ होते, हे शालेय इतिहासातूनही समजते. परंतु हे दोघे आयरिश घराण्यातले होते, थोरला भाऊ १७९८ मध्ये कलकत्त्याला उतरला तेव्हा 'अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' या आयरिश किताबाने ओळखला जात होता, आणि तो किताब त्या घराण्यात येऊन तेव्हा चाळीस वर्षेही झालेली नव्हती, या गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. या किताबाचा इतिहास म्हणजे एका मध्यम प्रतीच्या जमीनदार घराण्याने मानमरातबासाठी केलेल्या धडपडीचा इतिहास आहे, आणि त्या धडपडीचे काही धागे थेट महाराष्ट्राच्या भूमीपर्यंत येऊन पोहोचतात.

आयरिश उमरावी ही काय चीज होती, हे आधी पाहिले पाहिजे. १८०० अखेरपर्यंत आयर्लंड हे कायद्याच्या भाषेत स्वतंत्र राज्य होते. इंग्लंडचा राजा हाच तेथील राजा असला तरी डब्लिनमध्ये वेगळी पार्लमेंट भरत असे आणि तिचे उमरावांचे सभागृहही वेगळे असे. बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस आणि ड्यूक ही किताबांची चढती श्रेणी दोन्ही देशांत सारखीच होती आणि किताब सामान्यतः थोरल्या मुलाकडे, मुलगा नसल्यास पुरुषवंशातील सर्वांत जवळच्या वारसाकडे जात असे. तथापि आयरिश किताबाने लंडनच्या उमरावसभेत बसण्याचा हक्क मिळत नसल्यामुळे इंग्रज सरकार असे किताब सढळ हाताने वाटी आणि लंडनच्या दरबारात त्यांची किंमतही त्याच मानाने कमी धरली जाई. १ जानेवारी १८०१ रोजी दोन्ही राज्ये एक झाल्यावर आयरिश उमरावांना आपल्यातून २८ प्रतिनिधी तहहयात निवडून लंडनला पाठवण्याची मुभा मिळाली आणि उरलेल्यांना ग्रेट ब्रिटनमधील मतदारसंघातून सामान्यांच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, निवडून येण्याचा मार्ग मोकळा राहिला. या सवलतीचा सर्वांत चतुर उपयोग लॉर्ड कर्झनने करून घेतला. व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात येताना १८९८ मध्ये त्याने आयरिश बॅरनकी स्वीकारली, ती परतल्यावर कॉमन्सचे दार बंद होऊ नये म्हणून. आयर्लंडच्या उमरावीत निर्माण झालेला तोच शेवटचा किताब ठरला.

मॉर्निंग्टन हे मीथ परगण्यात, बॉयन नदीच्या मुखाशी असलेले एक छोटे किनारी गाव आहे. किताब त्या गावाच्या नावाचा असला तरी घराण्याचे मूळ तेथले नव्हते. मुळात हे कॉली घराणे. ट्यूडर राजांच्या काळात इंग्लंडहून येऊन सरकारी कायदे-अधिकारी म्हणून ते आयर्लंडमध्ये स्थिरावले आणि किल्डेअर परगण्यातील कारबरी येथे जमीन मिळवून प्रॉटेस्टंट जमीनदारवर्गात सामील झाले. या वर्गाचे स्थान नीट लक्षात घ्यावे लागते, कारण आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती, अठराव्या शतकातील कायद्यांनी तिला पार्लमेंटपासून आणि जमिनीच्या मालकीपासून बऱ्याच अंशी दूर ठेवले होते, आणि जमीन, पदे व किताब हे सारे मूठभर प्रॉटेस्टंट घराण्यांच्या हाती एकवटले होते. शेजारच्या मीथ परगण्यात, ट्रिम या जुन्या शहराजवळ डँगन येथे वेस्ली नावाचे दुसरे घराणे नांदत होते आणि त्याचे कॉलींशी नातेसंबंध होते.

१७२८ मध्ये डँगनचा गॅरेट वेस्ली निपुत्रिक वारला. त्याने आपली सारी मालमत्ता रिचर्ड कॉली या नातलगाला दिली, मात्र त्याने व त्याच्या वंशजांनी वेस्ली हे नाव धारण करावे, अशी अट मृत्युपत्रात घातली. आपल्याकडील दत्तकविधानाशी या व्यवहाराचे साम्य आहे. फरक इतकाच, की तिकडे होमहवनाची जागा मृत्युपत्राने आणि राजाच्या परवान्याने घेतली होती. मेथडिस्ट पंथाच्या परंपरेत असे सांगितले जाते, की हा वारसा आधी त्या पंथाच्या संस्थापकाचा भाऊ आणि प्रसिद्ध स्तोत्रकार चार्ल्स वेस्ली याला देऊ केला गेला होता आणि त्याने तो नाकारला. ते कसेही असो, रिचर्ड कॉली हा रिचर्ड वेस्ली झाला, ट्रिमच्या जागेवरून आयरिश पार्लमेंटमध्ये गेला आणि १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला. डँगनच्या विस्तीर्ण बागेत त्याने कालवे खोदले, दगडी स्तंभ उभारले, तळ्यात नौका सोडल्या. त्याची स्नेही मेरी डिलेनी हिच्या पत्रांतून या हौशी यजमानाचे आणि त्याच्या घरातील गाण्याबजावण्याचे फार प्रसन्न चित्र उभे राहते.

त्याचा मुलगा गॅरेट (१७३५ ते १७८१) हा या वंशावळीतील सर्वांत आगळा पुरुष म्हटला पाहिजे. राजकारणात त्याने विशेष काही केले नाही. त्याची खरी ओढ संगीताकडे होती. अनेक कंठांनी वाद्यांशिवाय गायच्या 'ग्ली' नावाच्या गीतप्रकारात त्याने केलेल्या रचना लोकप्रिय झाल्या, चर्चमधील स्तोत्रगायनासाठी त्याने बांधलेली एक चाल त्याच्या नावाने आजही गायली जाते, आणि १७६४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे अध्यासन निर्माण झाले तेव्हा पहिला प्राध्यापक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. त्याआधीच, १७६० मध्ये, तिसऱ्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या महिन्यात, तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला होता. बॅरनवरून व्हायकाउंटची पायरी आणि अर्लची पायरी त्याने एकाच दिवशी ओलांडली. डब्लिनच्या अपर मेरियन स्ट्रीटवर त्याने घेतलेले प्रशस्त घर अजून उभे आहे आणि आज तेथे एक उंची हॉटेल चालते. मात्र ही सारी शान कर्जावर उभी होती. १७८१ मध्ये गॅरेट वारला तेव्हा पत्नी अ‍ॅन, पाच मुलगे व एक मुलगी यांच्यासाठी त्याने अर्लकीच्या बरोबरीने गहाणखतेही मागे ठेवली.

थोरला मुलगा रिचर्ड हा ऑक्सफर्डचे शिक्षण पदवीविना सोडून घरी परतला, वडिलांची देणी त्याने आपल्या शिरावर घेतली आणि १७९३ मध्ये डँगनची जागीर विकून टाकली. ज्या वास्तूसाठी घराण्याने आपले मूळ नाव टाकले होते ती हातची गेली, तरी नाव राहिले; इतकेच नव्हे, तर वेस्ली या रूपापेक्षा जुने आणि अधिक भारदस्त वाटणारे वेलस्ली हे रूप रिचर्डने उचलले आणि पुढे धाकट्या भावांनीही ते स्वीकारले. डँगनचे पुढे जे झाले ते एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे. ती रॉजर ओकॉनर या बंडखोर वृत्तीच्या जमीनदाराच्या ताब्यात गेली, १८०९ मध्ये आगीत भस्मसात झाली, आणि त्यानंतर टपालगाडी लुटल्याच्या आरोपावरून खुद्द ओकॉनरवर खटला चालून तो निर्दोष सुटला. त्याचाच मुलगा फिअर्गस हा इंग्लंडमधील कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीचा पुढारी झाला.

१७९७ मध्ये रिचर्डची गव्हर्नर-जनरलपदी नेमणूक झाली. धाकटा भाऊ आर्थर त्याआधीच पलटण घेऊन कलकत्त्यात आला होता आणि सर्वांत धाकटा हेन्री खासगी चिटणीस म्हणून रिचर्डबरोबर आला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि रिचर्ड आता मोठ्या ब्रिटिश किताबाची वाट पाहू लागला. त्याला मिळाली ती मार्क्वेसची पदवी, पण आयर्लंडच्या उमरावीतली. या बक्षिसाला त्याने सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटले आणि पंतप्रधान पिटला पत्रे लिहून आपला संताप कळवला. बटाटा हे गरीब आयरिश शेतकऱ्याचे रोजचे अन्न होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या मातृभूमीच्या सन्मानाला हा मीथमध्ये जन्मलेला उमराव कोणत्या तोलाचा समजत होता, ते उघड होते. हिंदुस्थानातील त्याच्या पुढल्या सगळ्या धोरणाचा उगम या अपमानात शोधणे अतिशयोक्तीचे होईल, कारण फ्रेंचांची धास्ती आणि कंपनीच्या विस्ताराची ओढ ही कारणे पुरेशी बळकट होती. पण या मनुष्याची घाई समजून घ्यायची तर ही सल नजरेआड करता येत नाही.

ती घाई पुणे दरबाराला भोवली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा पराभव केल्यावर दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेचा, म्हणजे स्वतःच्या खर्चाने कंपनीचे सैन्य पदरी बाळगण्याचा, करार केला. त्यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी हा तह मानला नाही आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. आर्थरने आधी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेला गाठले. पुढे उतार नाही, असे वाटाडे छातीठोकपणे सांगत होते. तथापि नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसताच, अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असे अनुमान त्याने बांधले आणि ते बरोबर निघाले. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने घेतलेली किंमत मात्र जबर होती: इंग्रजांच्या बाजूचे मृत आणि जखमी दीड हजारांवर गेले. पुढे आडगाव आणि गाविलगड पडले, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी भोसल्यांशी देवगावचा व शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. मुंबईत रीगल सिनेमासमोर १८६५ मध्ये उभारलेले वेलिंग्टन कारंजे याच आर्थरच्या मुंबईभेटींची आठवण म्हणून बांधलेले आहे.

या भावांचे किताब पुढे भराभर वाढत गेले. स्पेनमधील विजयानंतर १८०९ मध्ये आर्थरला व्हायकाउंटची पदवी देण्याचे ठरले, तेव्हा तो स्वतः रणांगणावर असल्यामुळे पदवीसाठी नाव निवडण्याचे काम विल्यम या भावाकडे आले, आणि इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात घराण्याचे पूर्वज जेथून आले असे मानले जाई त्याच्या जवळचे वेलिंग्टन हे गाव त्याने शोधून काढले. पाच वर्षांत आर्थर ड्यूक झाला. स्वतः विल्यम एका नातलगाच्या जागिरीसाठी आपल्या नावाला पोल हे नाव जोडून बसला होता. टांकसाळीचा प्रमुख म्हणून १८१६ च्या नव्या नाण्यांची मोठी योजना त्याने पार पाडली आणि आपली आद्याक्षरे नाण्यांच्या नक्षीत बारीक अक्षरांत कोरवून घेतली. तो बॅरन मेरीबरो झाला आणि हेन्री बॅरन कॉली झाला, म्हणजे १७२८ मध्ये सोडून दिलेले नाव शंभर वर्षांनी किताबाच्या रूपाने घरी परतले. पाचांपैकी चार भाऊ लंडनच्या उमरावसभेत बसले. एका कर्जबाजारी आयरिश संगीतकाराच्या मुलांनी साधलेला हा विक्रमच होता.

अर्लकीचे नशीब मात्र इतके सरळ नव्हते. रिचर्डला फ्रेंच सहचरी हियासिंथ रोलांपासून झालेली मुले लग्नाआधीची असल्यामुळे वारसाहक्काला मुकली आणि बाल्टिमोरच्या मेरिअ‍ॅन पॅटर्सनशी झालेल्या दुसऱ्या लग्नातून संतती झाली नाही. त्यामुळे १८४२ मध्ये तो वारला तेव्हा मार्क्वेसचा किताब संपला आणि अर्लकी ७९ वर्षांच्या विल्यमकडे गेली. १८४५ मध्ये ती त्याच्या मुलाकडे आली. हा चौथा अर्लही विल्यमच, आणि घराण्याचा कलंक म्हणावा असा. १८१२ मध्ये त्याने इंग्लंडमधील अतिश्रीमंत वारसदार कॅथरिन टिलनी-लाँग हिच्याशी विवाह करून तिची दोन्ही नावे आपल्या नावात घेतली. ते लांबलचक नाव तेव्हाच थट्टेचा विषय झाले होते. दहा वर्षांत त्याने एवढे कर्ज केले, की लंडनजवळच्या वॉन्स्टेड हाउस या तिच्या प्रासादातील सामानाचा लिलाव १८२२ मध्ये ३२ दिवस चालला आणि नंतर इमारतही पाडून तिचे दगड विकण्यात आले. १८२५ मध्ये कॅथरिन वारल्यावर मुलांच्या ताब्याचा वाद चॅन्सरी न्यायालयात गेला. लॉर्ड चॅन्सेलर एल्डनने दुर्वर्तनी बापाला ताबा नाकारला आणि उमरावसभेने तो निर्णय कायम केला. बापाचा मुलांवरील हक्क जवळपास निरपवाद मानला जाण्याच्या त्या काळात न्यायालय मुलांच्या हितासाठी आड येऊ शकते, हे तत्त्व रुजवणाऱ्या खटल्यांत याची गणना होते. मॉर्निंग्टनच्या अर्लांपैकी कायद्याच्या ग्रंथांत नाव टिकले ते या नालायक अर्लाचे, हा योगायोग मासलेवाईक आहे.

त्याचा मुलगा पाचवा अर्ल १८६३ मध्ये अविवाहित वारला, तेव्हा मालमत्ता आणि किताब यांची वाट वेगळी झाली. हातात उरलेली इस्टेट त्याने मृत्युपत्राने हेन्रीच्या मुलाला, अर्ल कॉलीला, दिली. किताब मृत्युपत्राने देता येत नसल्यामुळे तो पुरुषवंशाच्या नियमाने दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे, म्हणजे आर्थरच्या मुलाकडे, गेला. तेव्हापासून मॉर्निंग्टनची अर्लकी ड्यूकच्या अनेक दुय्यम किताबांपैकी एक आहे. ड्यूकच्या वारसाला शिष्टाचार म्हणून मार्क्वेस ऑफ डूरो म्हणतात आणि त्या वारसाच्या थोरल्या मुलाला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. अशा उपचारापुरत्या नावाला कायदेशीर उमरावी जोडलेली नसते. खुद्द आयर्लंडमध्ये १९३७ च्या राज्यघटनेने राज्यसंस्थेला कोणालाही उमरावीचा किताब देण्यास मनाई केली असून, तेथील नागरिकाला सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय असा किताब स्वीकारताही येत नाही.