निळ्या पडद्यावरचं सी

बोरलँडचं टर्बो सी १९८७ साली आलं आणि टर्बो सी++ १९९० साली. जगातून डॉस उठून गेलं, तरी आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये हा कंपायलर कैक वर्षं ठाण मांडून होता.

त्याचे उपकार मोठे आहेत. एडिटर, कंपायलर, डीबगर सगळं एकाच निळ्या पडद्यावर. टीसी नावाचं फोल्डर सी ड्राइव्हवर टाकायचं, इन्क्लूड आणि लिबचे पाथ तपासायचे, झालं इन्स्टॉल! नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ शेजारी उघडं ठेवून कंट्रोल-एफ९ दाबलं, की जुन्यापुराण्या मशीनवरही प्रोग्राम झटकन चाले. पहिल्याच तासाला मुलांना आउटपुट दिसे. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

पण १९९८ साली सी++चं पहिलं आयएसओ प्रमाण ठरलं आणि भाषा पुढे निघून गेली. लॅबमध्ये मात्र ‘व्हॉइड मेन’, सुरुवातीला पडदा पुसणारं ‘सीएलआरएससीआर’ आणि शेवटी ‘गेटसीएच’ चालूच राहिलं. यातली पडदा पुसायची सोय खास बोरलँडची. मुलांना हे सगळं सीचं व्याकरणच वाटायचं. जर्नलं तशीच लिहिलेली, प्रॅक्टिकलची परीक्षाही त्यावरच, मग बदल करणार कोण?

फॅक्टोरिअलचा प्रोग्राम घ्या. टर्बोत इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. सातचं उत्तर ५०४० बरोबर येई आणि आठला ४०३२० ऐवजी उणे २५२१६! मुलं लूपमधली चूक शोधत बसत. डेटा टाइपची मर्यादा समजवायला यासारखं उदाहरण नाही. पण बहुतेक ठिकाणी ‘लाँग लिही’ एवढं सांगून विषय संपे, याचं मला आजही वाईट वाटतं.

६४-बिट विंडोजवर हा १६-बिट प्रोग्राम चालेना, तेव्हा टर्बो सोडायची नामी संधी होती. आपण डॉसबॉक्स आणला आणि नव्या मशीनमध्ये जुनं मशीन वसवलं. कोडब्लॉक्स मिनजीडब्ल्यू कंपायलरसकट उतरवता येत होतं, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये जीसीसी कंपायलरवरचे सीचे धडे होते. तरीही सवय सुटली नाही.

पुढे व्हीएस कोड आलं आणि नवाच घोळ झाला. तो नुसता एडिटर. कंपायलर वेगळा घ्यायचा, त्याचं बिन फोल्डर पाथमध्ये घालायचं, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडायचं. ‘जीसीसी ओळखता येत नाही’ असा मेसेज आला की मुलं हिरमुसतात. ऑनलाइन कंपायलरने हा त्रास वाचतो, पण फाइल कुठे बनली, लिंकरने काय केलं, हे कळत नाही. म्हणून पहिलं प्रॅक्टिकल सेटअपचंच असावं आणि त्याला मार्कही असावेत, असं माझं ठाम मत आहे.

माझी निवड साध्या टर्मिनलवरचा जीसीसी, आणि ‘वॉल’ हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू. स्कॅनएफमध्ये अँपरसँड राहिला, की तो ओळ क्रमांकासकट बजावतो: इथे इंटचा पत्ता हवा होता, तुम्ही नुसता इंट दिलात. पॉइंटरचा धडा यायच्या कितीतरी आधी पत्ता म्हणजे काय, हा प्रश्न वर्गात मुलांकडूनच येतो.