चार कळा, वीस सेकंद

मॅक सुरू होताना भलत्याच डिस्ककडे धावतो, आवाजाची पातळी आपोआप बदलते, पडद्याचं रेझोल्यूशन विस्कटतं. अशा वेळी दुकान गाठण्याआधी एक उपाय जरूर करून पाहावा.

वीज नसतानाही संगणकाला काही मोजक्या नोंदी जपाव्या लागतात. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, आवाज किती ठेवायचा वगैरे. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये त्यांच्यासाठी घड्याळाच्या चिपमध्ये अवघे २० बाइट होते! मागच्या झाकणाआडच्या ४.५ व्होल्टच्या बॅटरीवर ती स्मृती तगायची. बॅटरी काढून ठेवली की सगळं कोरं. पुढे ही स्मृती बॅटरीविनाही टिकू लागली, आणि तिच्यातली चुकीची नोंदसुद्धा.

इंटेल चिपच्या मॅकवर ती पुसण्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताच ऑप्शन, कमांड, पी आणि आर या कळा एकत्र सुमारे २० सेकंद दाबून धराव्यात. फोटो, फाइली सुरक्षित राहतात. फर्मवेअर पासवर्ड असेल, तर तो आधी काढावा लागतो.

ॲपलच्या स्वतःच्या चिपवरच्या मॅकना ही युक्ती लागू नाही.

नंतर स्टार्टअप डिस्क आणि टाइम झोन तपासून घ्यावेत. इंटेल मॅकचा पंखा मात्र विनाकारण घोंघावत असेल, तर त्याचा कारभार वेगळ्या कंट्रोलरकडे असतो. त्याचं रीसेटही वेगळं.