बॅटरी काढली म्हणून ट्यूनिंग जातं का?

भारतात जायची तिकिटं काढून झाली, बॅगांची वजनं करून झाली, की जर्मनीतल्या आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. पाच-सहा आठवडे गाडी थंडीत उभी राहणार, तर बॅटरी काढून ठेवायची का? साध्या गाडीसाठी उत्तर सोपं आहे. पण इंजिनाचा कॉम्प्युटर कुणी ट्यून केलेला असेल, म्हणजे इथे ज्याला चिपट्यूनिंग म्हणतात ते झालेलं असेल, तर दोन समजुती कानावर येतात.

पहिली भीतीची. बॅटरी काढली की पैसे मोजून केलेलं ट्यूनिंग पुसलं जाईल. दुसरी आशेची. जुनी गाडी विकणारा सांगतो, "ट्यूनिंग नको असेल तर बॅटरी रात्रभर काढून ठेवा, गाडी पुन्हा कंपनीतून आल्यासारखी होते." दोन्ही चूक आहेत. पहिलीने फार तर झोप उडेल. दुसरीवर विसंबलात तर गाडीची परवानगी आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

इंजिनाच्या कॉम्प्युटरला मेकॅनिक ईसीयू म्हणतात. त्याच्याकडे दोन प्रकारची माहिती असते. स्वयंपाकघराचंच उदाहरण घ्या. एक वाटी तांदळाला किती पाणी, हे वहीत शाईने लिहिलेलं असतं. पण इथल्या काचेच्या शेगडीवर कुकर किती वेळ ठेवायचा, इथे मिळणाऱ्या तांदळाला पाणी थोडं कमी लागतं की जास्त, हे चार-आठ दिवस करून हाताला कळतं. वही वेगळी आणि हाताचा अंदाज वेगळा.

ईसीयूची वही म्हणजे त्यातला मूळ प्रोग्रॅम. इंजिन इतक्या वेगाने फिरतंय, पाय अॅक्सलरेटरवर इतका दाबलाय, तर इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा, याची कोष्टकं तिथे असतात. ती फ्लॅश मेमरीत लिहिलेली असतात. पेन ड्राइव्ह खिशात ठेवला म्हणून त्यातले फोटो जात नाहीत, तसंच हे. वीज नसली तरी लिहिलेलं राहतं. ट्यूनिंग म्हणजे या वहीतलं पानच बदलणं. त्यामुळे बॅटरी एक तास काढा नाहीतर एक वर्ष, बदललेलं पान बदललेलंच राहतं.

हाताचा अंदाज म्हणजे गाडी चालता चालता ईसीयूने शिकलेल्या बारीक दुरुस्त्या. इंजेक्टर थोडा झिजलाय, हवेच्या मार्गात काजळी बसलीय, टाकीत ९५ ऑक्टेनचं सुपर आहे की ९८ चं सुपर प्लस, त्याप्रमाणे तो स्वतःला जुळवून घेतो. जुन्या गाड्यांत हा अंदाज बॅटरीच्या विजेवर जिवंत राहतो आणि बॅटरी काढली की जातो. बऱ्याच नव्या गाड्यांत तोही इंजिन बंद झाल्यावर कायमच्या मेमरीत लिहून ठेवला जातो.

मग 'बॅटरी काढली की सगळं पुसतं' ही समजूत आली कुठून? बॉशने मोट्रॉनिक नावाची इंजिन नियंत्रण यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२ आय या गाडीत आणली. त्या पिढीच्या ईसीयूत प्रोग्रॅम एका वेगळ्या चिपमध्ये असायचा. ट्यूनिंग करायचं तर डबा उघडून चिपच बदलत, म्हणून नाव पडलं चिपट्यूनिंग. त्या काळात बॅटरीची वायर काढली की दोषांची नोंद आणि शिकलेल्या दुरुस्त्या खरोखरच जायच्या, आणि गाडी कधीकधी सुधारल्यासारखी वाटायची. पण चिप जागच्या जागीच असायची. पुढे चिप गेली, प्रोग्रॅम डायग्नोसिसच्या सॉकेटमधून लिहिता येऊ लागला, तरी समजूत मात्र राहिली.

याचा सर्वांत मोठा पुरावा जर्मनीतच आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघड केला. गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे हे ओळखून धूर कमी करणारा प्रोग्रॅम ईसीयूत बसवलेला होता. फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहन कार्यालयाने, म्हणजे क्राफ्टफार-बुंडेसआम्टने, जर्मनीतल्या सुमारे २४ लाख गाड्या परत बोलवायला लावल्या. दोन लिटरच्या इंजिनाला नवा प्रोग्रॅम लिहायला साधारण अर्धा तास पुरत होता, पण त्या अर्ध्या तासासाठी प्रत्येक गाडी वर्कशॉपमध्ये आणावी लागली. बॅटरी काढून प्रोग्रॅम जात असता, तर एवढा खटाटोप कशाला झाला असता?

यातून दुसरी गोष्टही कळते. ट्यूनिंग जातं ते बॅटरीमुळे नाही, नवा प्रोग्रॅम वर लिहिला गेल्यामुळे. अधिकृत वर्कशॉपने अपडेट टाकलं तर ट्यून केलेलं पान त्याखाली जाऊ शकतं. म्हणून गाडी सर्व्हिसिंगला देताना ट्यूनिंग झालंय हे आधी सांगा. आणि प्रोग्रॅम लिहिला जात असताना मात्र बॅटरीला हात लावू नका. त्या वेळी वीज तुटली तर पान अर्धवट राहतं आणि ईसीयू निकामी होऊ शकतो. चांगले मेकॅनिक म्हणूनच तेव्हा चार्जर जोडून ठेवतात.

आता बॅटरी काढल्यावर खरोखर काय जातं ते पाहू. घड्याळाची वेळ जाते. जुना रेडिओ कोड मागतो, तेव्हा तो कोड आधी शोधून ठेवा. एका बोटाने पूर्ण वर जाणारी काच अर्ध्यात थांबते आणि तिला पुन्हा शिकवावं लागतं. काही गाड्यांत ईएसपीचा दिवा लागतो आणि थोडं अंतर चालवल्यावर विझतो. इंजिन पहिले काही दिवस जागेवर थरथरतं, ऑटोमॅटिक गिअर जरा धक्के देतो.

ट्यून केलेल्या गाडीत इथे एक जास्तीची काळजी घ्या. शिकलेल्या दुरुस्त्या गेल्या असतील, तर इंजिन बदललेल्या पानावरच्या मूळ आकड्यांनी सुरुवात करतं, आणि ते आकडे आधीच मर्यादेच्या जवळ नेलेले असतात. म्हणून भारतातून परत आल्यावर पहिले काही दिवस गाडी हळू चालवा. ट्यूनिंग करणाऱ्याने ९८ ऑक्टेनचं पेट्रोल सांगितलं असेल तर तेच भरा. लगेच ऑटोबानवर जोर काढू नका.

बॅटरी काढायची रीतही ऐकून ठेवा. इग्निशन बंद करा आणि किल्ली गाडीपासून लांब ठेवा. लगेच पाना उचलू नका. गाडी बंद झाल्यावरही आतले कॉम्प्युटर नोंदी लिहीत असतात. अर्धा तास थांबलात तर बहुतेक गाड्यांना तो पुरतो. आधी मायनसची वायर काढा आणि ती परत टेकणार नाही अशी बाजूला बांधा. जोडताना आधी प्लस, मग मायनस. कारण सोपं आहे. गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना पत्र्याला लागला, तर थेट शॉर्ट होतो.

मायनसच्या टोकावर छोटा सेन्सर दिसला तर त्याला हिसका देऊ नका. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल, तर ती बंद करण्याआधी पुस्तिकेत दुसरा मार्ग पाहून ठेवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावायचाच नाही. तिचं काम वर्कशॉपवर सोडा.

खरं तर धडधाकट बॅटरी तीन-चार आठवडे सहसा टिकते. त्याहून जास्त दिवस जाणार असाल आणि गॅरेजमध्ये प्लग असेल, तर बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर लावून जाणं अधिक सोयीचं. गाडी रस्त्यावर उभी राहणार असेल तर आणखी एक विचार करा. तात्पुरती पार्किंगबंदीची पाटी तीन पूर्ण दिवस आधी लागली असेल, तर गाडी उचलण्याचा खर्च सुट्टीवर गेलेल्या मालकालाही भरावा लागतो, असा निकाल लाइपझिगच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. शेजाऱ्यांकडे किल्ली दिली आणि बॅटरी काढून ठेवली, तर ती किल्ली काय कामाची?

आता त्या दुसऱ्या समजुतीकडे येऊ, कारण मोठं नुकसान तिथेच आहे. जर्मनीच्या वाहन नियमांतलं १९ वं कलम सांगतं, की बदलामुळे गाडीचा धूर किंवा आवाज वाढत असेल, किंवा इतरांना धोका संभवत असेल, तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगी रद्द होते. तिला इथे बेट्रीब्सएरलाउबनिस म्हणतात. अशा गाडीने अपघात झाला तर हाफ्टफ्लिष्ट विमा समोरच्याला भरपाई देतो, पण नंतर तुमच्याकडून ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकतो. कास्को विमा तुमच्या स्वतःच्या गाडीचे पैसे कापू शकतो. बॅटरी रात्रभर काढून ठेवली होती, हे सांगून यातलं काही टळत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी बॅटरी काढून इंजिनाचा दिवा विझवणं हाही उपाय नाही. दिवा विझला तरी दोष तसाच असतो, आणि बऱ्याच गाड्यांत स्वतःची चाचणी पूर्ण झाल्याच्या नोंदीही कोऱ्या होतात. ते परीक्षकाला यंत्रावर दिसतं. २०१८ पासून नळीतून येणारा धूर प्रत्यक्ष मोजला जातो. युरो ६ डिझेल गाड्यांत जुलै २०२३ पासून धुरातले कणही मोजतात. ट्यूनिंगच्या नावाखाली कुणी फिल्टर काढून टाकला असेल, तर तो तिथे पकडला जातो.

मग जुनी गाडी घेताना काय पाहाल? गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे फारत्सॉइगशाइन, हातात घ्या. पी.२ या रकान्यात इंजिनाची ताकद किलोवॉटमध्ये असते. तिला १.३६ ने गुणलं की पीएस मिळतात. ११० किलोवॉट म्हणजे साधारण १५० पीएस. कागदावर १५० आणि विकणाऱ्याच्या तोंडी १९०, तर मधले ४० कुठून आले ते विचारा. रीतसर ट्यूनिंग केलं असेल तर टाइलेगुटआख्टन नावाचा तांत्रिक अहवाल असतो, ट्यूफ किंवा डेक्रासारख्या संस्थेने गाडी तपासलेली असते, आणि नोंदणीपत्रात बदलाची नोंद असते. तशी गाडी असेल तर विमा कंपनीला कळवा आणि निर्धास्त चालवा.

नोंद नसेल आणि गाडी तरी घ्यायची असेल, तर विकणाऱ्याला मूळ प्रोग्रॅम परत लिहून आणायला सांगा आणि वर्कशॉपची पावती मागा. ईसीयू मूळ स्थितीत आहे, हे वाक्य खरेदीच्या करारात लिहून घ्या. तोंडी शब्द इथे फार लांब जात नाही.

थोडक्यात, बॅटरी काढल्याने गाडी फार तर हाताचा अंदाज विसरते, वहीत लिहिलेलं नाही. ट्यूनिंग तुमचं असेल तर ते जाईल म्हणून घाबरू नका. दुसऱ्याने केलेलं असेल तर ते गेलं असं समजून चालवू नका. प्रवास सुखाचा होवो. आजच्यापुरतं एवढंच, नमस्कार.