कंपवात, दाह आणि रोजचे ताट

दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या उसाच्या मुलुखात, जेथे प्रकृतीच्या बहुतेक तक्रारींवर पहिला इलाज गुळाचाच सांगितला जातो, तेथे म्हातारपणी हात कापायचेच आणि गूळ-हळदीचा रतीब ठेवला की अंगातील दाह शमून मेंदू शाबूत राहतो, असे सांगणारे पारावर हमखास भेटतात.

यांपैकी पहिली समजूत अधिक घातक होय. 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेला कंपवात हा विकार म्हणजे निव्वळ वार्धक्य नव्हे. प्रत्येक थरथर कंपवाताची नसते, आणि सुमारे चतुर्थांश रुग्णांचे हात तर थरथरतही नाहीत, केवळ चाल मंदावते, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते. मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशींचा क्षय उघड होण्यापूर्वी कित्येक वर्षे जुनाट बद्धकोष्ठता, वास न येणे, झोपेत ओरडणे व हातपाय झाडणे ही लक्षणे हजेरी लावून गेलेली असू शकतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी 2003 साली मांडलेल्या तर्कानुसार काही रुग्णांत विकाराचा उगम आतड्यात होऊन तो मज्जातंतूंवाटे वर चढत असावा. अर्थात पोट साफ न होणाऱ्या प्रत्येक आजोबांना कंपवात होणार, असा निष्कर्ष काढणे हा निव्वळ बाष्कळपणा ठरेल.

आता दाहाविषयी. तंतुमय अन्नावर आतड्यातील जंतू जी आम्ले तयार करतात ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात; ते अस्तर दुबळे झाले की दाह वाढून त्याची झळ मज्जासंस्थेपर्यंत पोहोचत असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 43 हजार अमेरिकी व्यक्तींच्या दीर्घ पाहणीत, कारखानी अन्नाचे दिवसाला 11 किंवा अधिक वाटे खाणाऱ्यांत, तीनपेक्षा कमी वाटे खाणाऱ्यांच्या तुलनेत, वरीलसारखी तीन वा अधिक पूर्वलक्षणे असण्याची शक्यता अडीचपट आढळली. परंतु हा संबंध पूर्वलक्षणांशी आहे, प्रत्यक्ष विकाराशी नव्हे, आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. तरीही चहाबरोबरचा बिस्किटांचा पुडा बाजूस सारून बाजरीची भाकरी, हरभऱ्याची उसळ व पालेभाजी जवळ करण्यात नुकसान काहीच नाही. गूळ मात्र, थोडी खनिजे वजा जाता, मुख्यत्वे साखरच; आणि हळदीने कंपवात टळल्याचा मानवी पुरावा नाही.

ताटाची एवढी चर्चा करणारे आपण शेतातल्या फवारणीच्या पंपाविषयी मात्र मौन बाळगतो, हे मला विचित्र वाटते. 2011 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात पॅराक्वाट हे तणनाशक हाताळणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण अडीचपट दिसले. युरोपीय संघात त्यावर 2007 पासून बंदी आहे.

निदान झाल्यावरही गैरसमज पाठ सोडत नाहीत. प्रथिने कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाच्या शोषणात अडथळा आणतात एवढ्या ऐकीव माहितीवर वृद्धांची डाळ व दूधच बंद करणे म्हणजे कुपोषणाला आवतण होय. गोळी जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घेतली तर बहुधा भागते. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा निसर्गतःच असते, हे खरे. पण चूर्णागणिक त्याचे प्रमाण बदलत असल्याने, गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता ते चूर्ण घेणाऱ्याच्या शरीरात एकाच औषधाची दुहेरी आणि तीही बेभरवशाची मात्रा जाते.